आर्ट्सला येताय, तर तासाला बसा

मा. संपादक,

बारावीचा निकाल लागला की पुरवण्यांमध्ये इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग सगळ्याची माहिती येते, आर्ट्सबद्दल दोन ओळीही नसतात, म्हणून हे पत्र यंदा एफवायला येणाऱ्या मुलामुलींसाठी. मी इतिहास घेऊन बीए केलं, आता एमए करतेय.

आमच्या वर्गात पटावर पोरं भरपूर पण तासाला बसायची मोजकीच, बाकी सगळी अभ्यासिकेत, कारण आर्ट्स घेतलं ते एमपीएससीसाठी आणि कॉलेजला यायचं ते फक्त परीक्षेपुरतं. त्यांना नावं ठेवायची नाहीयेत मला, घरून काय अपेक्षा असतात ते मीही बघते. पण राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीय, आता नुसते गोल काळे करून भागत नाही, निबंध लिहायचा, मुद्दे मांडून उत्तरं लिहायची, आणि बीएला दुसरं काय शिकवतात? तेच फुकटात मिळणारं सोडून पुण्यात क्लासला हजारो रुपये भरायचे हे मला अजिबात पटत नाही.

त्यामुळे गाईड पाठ करू नका. उत्तर स्वतः लिहा, सरांकडून-मॅडमकडून तपासून घ्या. आमच्या मॅडम तासिका तत्त्वावर होत्या, मानधन महिनोन्महिने रखडायचं, तरी तास संपल्यावर थांबून एकेक परिच्छेद का फसलाय ते सांगायच्या. असं कोणी भेटलं तर सोडू नका.

आणि इतिहासवाल्यांनो, जुन्या मराठी कागदांची मोडी लिपी शिकाच! पुराभिलेख खात्याचे वर्ग असतात. अक्षरं लवकर येतात, खरा कस पुढे लागतो, कारण लिहिणाऱ्याने हात न उचलता ओळच्या ओळ लिहिलेली असते, शब्द कुठे संपला तेच कळत नाही, आणि मग एक दिवस अख्खी ओळ लागते तेव्हाचा आनंद काय सांगू! पुण्याचं पेशवे दप्तर, भारत इतिहास संशोधक मंडळ, कोल्हापूरचं पुराभिलेखागार, सगळीकडे रुमालात बांधलेले कागद आहेत, वाचणारे कमी. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली होती, आठवत असेल. तुमच्या कॉलेजात वर्ग होत नसेल तर दहा-पंधरा जणांच्या सह्या घेऊन प्राचार्यांना अर्ज द्या, पहिल्याच टर्मला द्या.

– एमए (इतिहास) ची एक विद्यार्थिनी, सातारा