पंधरा दिवसांत लेव्हल टू होता येत नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की भोसरी-चाकणकडे विजेच्या खांबांवर एनडीटी (वस्तू न मोडता तपासणी) कोर्सच्या जाहिराती चिकटतात. ‘15 दिवसांत पाच मेथड, लेव्हल टू, नोकरी नक्की.’ मेथड म्हणजे तपासणीचा एक प्रकार, लेव्हल टू म्हणजे स्वतः तपासून निकाल देऊ शकणारा तपासनीस. गेली 24 वर्षं मी भोसरीत प्रेशर व्हेसलच्या (दाबाखालच्या टाक्यांच्या) वेल्डची तपासणी करतो. जॉब, म्हणजे तपासायचा भाग, न कापता, न फोडता आतला दोष शोधायचा, हे आमचं काम. या जाहिराती वाचून जीव तुटतो, म्हणून हे पत्र.

मागच्या महिन्यात बार्शीकडचा एक मुलगा मुलाखतीला आला. घरच्यांनी 38 हजार भरलेले, फाइलमध्ये पाच प्रमाणपत्रं. मी त्याला स्टेनलेस स्टीलचा एक नोझल (टाकीला जोडायचं नळकांडं) दिला आणि डीपी, म्हणजे रंग मुरवून भेग शोधायची चाचणी, करायला सांगितलं. वेल्डच्या कडेला बारीक क्रॅक आहे, हे मला ठाऊक होतं. पोरानं जागा साफ केली, भेगेत शिरणारं लाल पेनिट्रंट मारलं, घड्याळ लावून 10 मिनिटं थांबला. इथवर सगळं बरोबर. मग क्लीनरचा कॅन उचलला आणि थेट वेल्डवर फवारला. रंग ओघळून गेला, जॉब लख्ख झाला. त्यावर आतला रंग वर ओढणारा पांढरा डेव्हलपर मारला, काहीच उमटलं नाही. “सर, जॉब ओके आहे.”

त्याच नोझलवर मी सगळं पुन्हा केलं. फक्त क्लीनर कापडावर घेतला आणि वरवरचा रंग टिपून काढला. थेट फवारलं की क्रॅकच्या आत शिरलेला रंगही धुऊन निघतो, मग बाहेर येणार काय? डेव्हलपर वाळता वाळता केसाएवढी लाल रेघ उमटली आणि बघता बघता जाड झाली. पोरगा वाकून तिच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, “आम्हाला हे व्हिडिओत दाखवलं होतं, सर. कॅन आज पहिल्यांदा हातात घेतला.”

आमच्यासारखे कितीतरी कारखाने एसएनटी-टीसी-1ए या अमेरिकन शिफारशींवर चालतात. त्यांत बारावी झालेल्या मुलाला अल्ट्रासॉनिकसाठी (यूटी, म्हणजे ध्वनिलहरींनी आतला दोष शोधायची मेथड) लेव्हल वन आणि टू मिळून 80 तासांचं प्रशिक्षण, आणि वर प्रत्यक्ष कामाचे 840 तास सांगितले आहेत. रोज आठ तास प्रोब (लहरी सोडणारं-टिपणारं हातातलं उपकरण) हातात धरला तरी 105 दिवस होतात, तेही एकाच मेथडचे.

पालकांना कोणी सांगत नाही ती गोष्ट अशी, की या पद्धतीत प्रमाणपत्र देते ती नोकरी देणारी कंपनी. डोळे तपासून, परीक्षा घेऊन, कामाचे तास मोजून. नोकरी सुटली की ते प्रमाणपत्रही संपलं. क्लासचा कागद हा शिकवणीला बसल्याचा दाखला, त्याहून जास्त काही नाही. रेडिओग्राफीत (किरणांनी वेल्डचा फोटो काढायच्या मेथडमध्ये) तर इरिडियमचा किरणोत्सर्गी सोर्स हाताळायला किरणोत्सर्ग सुरक्षेचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण वेगळं घ्यावं लागतं.

पण सगळा दोष क्लासवाल्यांवर ढकलून चालणार नाही. अनुभवी माणूस प्रत्येक कारखान्याला हवा, नवख्याला तास भरू द्यायला कोणी तयार नाही. आणि ज्यावर शिकायचं ते रिजेक्ट जॉब आपण कापून किलोच्या भावानं भंगारात घालतो! यूटीच्या स्क्रीनवर स्लॅगचा (वेल्डमध्ये अडकलेल्या मळीचा) सिग्नल फाटका, फांद्या फुटल्यासारखा दिसतो. लॅक ऑफ फ्युजनचा (वेल्ड धातूला नीट न जुळल्याचा) ताठ उभा राहतो, पण प्रोब वेल्डच्या दुसऱ्या बाजूला नेला की बऱ्याचदा खाली बसतो. हे फळ्यावर काढून कळत नाही. प्रोबखाली खरा तुकडा लागतो, तो मग कापून आतला दोष डोळ्यांनी बघावा लागतो.

त्या मुलाला आम्ही ट्रेनी म्हणून घेतलंय. त्याचे तास रोज संध्याकाळी मीच वहीत मांडतो, काल 96 झाले. माझ्या कपाटात असे दोष असलेले 11 तुकडे जमले आहेत. औंध आयटीआय किंवा पुण्यातल्या कुठल्याही पॉलिटेक्निकच्या शिक्षकांनी मागितले, तर द्यायला आमच्या मालकांची हरकत नाही. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांनीही भंगाराचा टेम्पो भरण्याआधी दोन-चार तुकडे बाजूला काढून ठेवावेत. आणि पालकांनी फी भरण्याआधी क्लासवाल्याला एवढंच विचारावं: माझ्या मुलाच्या हातात प्रोब किती तास असेल?

आपला,
एक वेल्डिंग निरीक्षक, भोसरी, पुणे