चेनबाई, आईच्या भूमिकांबद्दल आभार

आदरणीय चेन शू-फांग बाई,
सादर नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण ते आमच्या हौशी रंगभूमीवरच्या बायकांनीही वाचावं असं वाटतं. पन्नाशी उलटली की आमच्या वाट्याला आई, सासू नाहीतर आजी. दोन प्रवेश, तेही बहुतेक चहा घेऊन येण्याचे. मी काम सोडायच्याच बेतात होते. तुमच्यामुळे राहिले.

तुम्ही 1957 साली तैवानच्या पडद्यावर आलात. पुढची साठ-एक वर्षं सिनेमे आणि ढीगभर मालिका. त्यातही वर्षानुवर्षं आया आणि आज्याच. दिग्दर्शक होउ शियाओ-शिएन यांच्या 1989 च्या 'अ सिटी ऑफ सॅडनेस'मध्येही तुम्ही होतात. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्या सिनेमाला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तुमच्या वाट्याला मात्र पुन्हा छोट्याच भूमिका.

मग 2020. 'लिटिल बिग विमेन'मधली ताइनान शहरातली ती हॉटेलवाली! तीन मुलींना एकटीनं वाढवलेली, आणि सत्तरीच्या वाढदिवशीच खबर येते की कधीचा सोडून गेलेला नवरा वारला. आमच्याकडे अशा प्रसंगाला हंबरडा ठरलेला. तुम्ही रडणं लांबवत नेलंत. माणसं काय म्हणतील, जेवणावळीचं काय, आधी ते बघितलंत; राग हळूहळू, बोलण्याच्या धारेतून बाहेर आला. नेटफ्लिक्सवर सबटायटल्स वाचत पाहिला, तर अर्धी वाक्यं निसटली. मग सबटायटल्स बंद करून नुसता तुमचा चेहरा पाहिला. सगळं कळलं.

त्याच वर्षीच्या 'डिअर टेनंट'मध्ये तुम्ही मधुमेहानं खंगलेली म्हातारी. गेलेल्या मुलाचा जोडीदार तिची सेवा करतो. ती त्याला घालूनपाडून बोलते आणि त्याच्यावाचून तिचं पानही हलत नाही. प्रेक्षकांनी आपल्यावर माया करावी म्हणून तुम्ही कुठेच गोड झाला नाहीत. हे धाडस आमच्यातल्या भल्याभल्या नट्यांना जमत नाही, मला तर नाहीच.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तैपेईला गोल्डन हॉर्सचं, म्हणजे चिनी भाषेतल्या सिनेमांच्या मानाच्या पुरस्कारांतलं, सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं आणि सहायक अभिनेत्रीचं, दोन्ही पारितोषिकं एकाच रात्री तुम्हाला मिळाली. वय 81. सहायक भूमिकेतल्या बाईला नायिका व्हायला कुणी आडकाठी केलेली नाही, फक्त तिच्यासाठी लिहायला हवं, हे त्या रात्री आमच्या लेखकांनी पाहायला हवं होतं.

यंदाच्या स्पर्धेत मला पुन्हा आजीच मिळालीय. ही बाई दुसऱ्या अंकात एवढी गप्प का, असं मी दिग्दर्शकाला विचारलं. त्यानं संहिता परत उघडली आणि तिला एक प्रवेश वाढवून दिला. त्याचं श्रेय तुमचं.

आपली ऋणी,
एक हौशी नटी