आक्का, तुमचं नेलकटर माझ्याकडंच आहे

आक्का,

तोंडावर आभार मानायला गेले की तुम्ही कन्नडात "इरली बिडी", म्हणजे 'असू दे, सोडा', म्हणता आणि चहाचं आधण ठेवायला उठता. दोनदा असं झालं. म्हणून आता चारचौघांत लिहितेय. इथून तुम्हाला उठून जाता येणार नाही.

बाबांना माती देऊन दीड महिना होत आला. अजून संध्याकाळी सहाला मी आंबील ढवळायला उठते, पातेलं हातात घेते, आणि मग आठवतं.

तुम्ही त्यांना शेवटच्या दोन महिन्यांत बघितलंत. त्याआधीचे बाबा तुम्हाला माहीत नाहीत. अथणी तालुक्यात दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत छाटणीच्या टोळीत त्यांचं आयुष्य गेलं. मांडवाखाली मान वर, हात वर, दिवसभर. कलमंही बांधायचे. खाली डॉगरिज ह्या रानटी वेलीचं खुंट, वर थॉमसन ह्या गोड द्राक्षाची काडी, बाबांनी बांधलेलं कलम सहसा मरत नसे. स्वतःची वेल एक नव्हती. बायबलातलं शुभवर्तमान वाचायचे ते मात्र मालकाच्या थाटात, खाट ओसरीवर ओढून, मोठ्यानं.

आजार कळला, मिरजेच्या खेपा झाल्या, ते सगळं असो. मला जे लिहायचंय ते दवाखान्याबाहेरचं आहे.

गावाकडं असताना बाबांना एका आरोग्य सभेला नेलं होतं, प्रार्थनेनं आजार बरा करतो म्हणतात तसल्या. मीच नेलं, लपवत नाही. मांडव, ड्रम, कान फुटतील असे स्पीकर. स्टेजवरच्या माणसानं बाबांच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला कसला, दाबला, आणि मागं ढकललं. बाकीचे लोक धडाधड पडत होते. बाबा पडले नाहीत. पन्नास वर्षं मांडवाखाली उभं राहून पाय घट्ट झालेला माणूस तो, आजारातही पाय सोडत नव्हता. दुसऱ्यांदा ढकललं, तरी उभेच. मग तो माईकवर म्हणाला, "या भावाच्या आत अविश्वास आहे, म्हणून आरोग्य अडलंय." हजारभर लोकांसमोर. वर 'बी पेरा', म्हणजे देणगी द्या, म्हणून माझ्याकडून ५,००० रुपये गेले. बाबांची बेदाण्याच्या हंगामातली मजुरी होती ती.

बेळगावात शहापूरला माझ्या खोलीवर आणल्यावर आपल्यातलेही लोक भेटायला आले. त्यांचं मन चांगलं होतं असंच मी धरून चालते. पण एकाच्या प्रार्थनेत निम्मा वेळ देवाला बाबांच्या आजाराची माहिती देण्यात गेला, जसं काही देवाकडं रिपोर्ट पोचला नव्हता. दुसरे एक जण चपला घालता घालता म्हणाले, "तारणाची खात्री आहे ना?" गॅसचं बटण बंद केलं ना, विचारावं तसं. बाबा नुसतं हो म्हणाले. रात्री मला हाक मारली आणि हळूच विचारलं, "पोरी, माझा इश्वास किती कमी पडला गं? किलोभर? का तोळाभर?"

मला उत्तर देता आलं नाही. दर रविवारी चर्चमध्ये विश्वासांगीकार, आपल्या विश्वासाची कबुली, म्हणणारी बाई मी. पांघरूण नीट केलं आणि दिवा घालवला.

त्याच आठवड्यात तुम्ही आलात. दोन दारं सोडून राहणाऱ्या, कन्नड बोलणाऱ्या, दवाखान्यातून आया म्हणून रिटायर झालेल्या आक्का. तुमच्याशी माझा संबंध नळाच्या पाण्यापुरता. बायबल आणलं नव्हतंत, फळं आणली नव्हतीत. खाटेशी बसलात आणि बाबांचा हात उचलून बघितलात. मला म्हणालात, "कोमट पाणी आण. आणि खोबरेल."

बाबांची नखं वाढली होती, आक्का. मी रोज अंग पुसत होते, औषधं देत होते, आणि नखं मला दिसली नव्हती. खाली काळं साचलं होतं, अंगठ्याचं नख फाटून पांघरुणाला अडकत होतं. तुम्ही ताटलीत पाणी घेऊन एकेक बोट भिजवलंत. मांडीवर जुना पदर पसरून त्यावर त्यांचा पंजा ठेवलात. त्या पंजाला कात्रीचा घट्टा होता, अंगठ्याच्या मुळाशी, चामड्यासारखा. त्यावर तुम्ही थोडा वेळ आपलं बोट फिरवलंत आणि मग पिशवीतून नेलकटर काढलंत. टक्. टक्. खोलीत दुसरा आवाज नव्हता. कापलेलं प्रत्येक नख चिमटीत उचलून वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवत होतात, मोजायची असल्यासारखं. त्या सभेपासून बाबा कुणाला आपला हात धरू देत नव्हते, मी हात धरला तरी काढून घ्यायचे. तुमच्या मांडीवर तो हात तसाच पडून राहिला.

चौथ्या की पाचव्या बोटाला बाबा बोलले. "आक्का, ही खरड छाटणी का फळछाटणी?"

तुम्हाला काही कळलं नाही. "मला ठाऊक नाही अण्णा, तुम्ही सांगा," म्हणालात. आणि तीन आठवडे हो-नाहीच्या पुढं न गेलेला माझा बाप अर्धा तास बोलला. एप्रिलात खरड छाटणी. सगळं खरडून काढायचं, काडीला एक-दोन डोळे ठेवायचे, बाग अशी बोडकी दिसते की मालकाची बायको येऊन हळहळते. त्या छाटणीला द्राक्ष लागत नाही, पण पुढची काडी तिथंच तयार होते. मग ऑक्टोबरात डोळे मोजून फळछाटणी. आणि छाटलेल्या काडीच्या तोंडाशी कधी कधी पाण्याचा थेंब येऊन लोंबतो. "आमी म्हंतो, वेल रडती. पण ते पानी काडीचं नसतंय आक्का. मुळाचं असतंय."

तुम्ही मान हलवत दुसरा हात घेतलात. कुठलंही वचन काढलं नाहीत. मी असते तर योहानाचा पंधरावा अध्याय, येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो तो, तिथंच उघडून बसले असते.

वचन निघालं ते तिसऱ्या दिवशी, तेही बाबांनीच काढलं. मला विचारलेलं त्यांनी तुम्हालाही विचारलं, विश्वास किती कमी पडला म्हणून. तुम्ही त्यांचं मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, मागितलंत, कन्नड तुमच्या घरी होतं तरी. बोट अक्षराखाली सरकवत, ळ आणि ल ची गल्लत करत योहानाचा अकरावा अध्याय वाचलात, मेलेल्या लाजराला येशू हाक मारून उठवतो तो. मार्थेचा भाऊ लाजर मेलाय. ती म्हणते, शेवटल्या दिवशी तो उठेल हे मला ठाऊक आहे. तिला येशू दिवसाबद्दल काही सांगत नाही. तो म्हणतो, "पुनरुत्थान व जीवन मीच आहे." एवढं वाचून तुम्ही पुस्तक मिटलंत आणि विचारलंत, "अण्णा, मग लाजर काय म्हणाला?"

बाबांनी आठवून बघितलं. मीही बघितलं.

"काही नाही म्हणाला," तुम्ही सांगितलंत. "सगळ्या शुभवर्तमानात त्याचा एक शब्द नाही. चार दिवस मेलेला माणूस. त्याचा विश्वास कुणी तोलला? हाक मारणाऱ्यानं हाक मारली."

बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "पर लाजर फिरून मेलाच असंल की." (असे होते ते. प्रवचनातही मागच्या बाकावरून असलं काहीतरी विचारायचे.) तुम्ही गडबडला नाहीत. "मेलाच. म्हणून येशू म्हणतो ते जीवन दुसरं. आमच्याकडं त्याला नित्यजीव म्हणतात."

"नित्य? म्हंजे रोजचं?"

"हां. कन्नडातही रोजचंच."

आक्का, मी चाळीस वर्षं 'सार्वकालिक जीवन' म्हणत आलेय. विश्वासांगीकारात ते सगळ्यात शेवटी येतं. म्हणून माझ्या डोक्यात ते शेवटचं स्टेशन होतं, सगळे उतरून गेल्यावर येणारं, आणि तिकीट तपासून आत सोडणारं. 'काल' हा शब्द आत असल्यामुळं कधी न थांबणारं घड्याळ डोळ्यापुढं यायचं, आणि खरं सांगते, त्याचा थोडा कंटाळाही वाटायचा. तुमच्या त्या एका कन्नड शब्दानं मी घरी बसून योहान पुन्हा वाचला. पाचव्या अध्यायात, जो ऐकतो आणि विश्वास ठेवतो त्याला ते जीवन 'मिळेल' असं नाहीच. मिळालंय, तो मरणातून जीवनात पार गेलाय, असं आहे. सतराव्या अध्यायात येशू प्रार्थना करताना त्या जीवनाचा अर्थच सांगतो, आणि त्यात वर्षांचा हिशेब कुठंच नाही. एकच खरा देव आणि त्यानं पाठवलेला येशू ख्रिस्त, यांना ओळखणं, एवढंच. एका तरुण पाळकांनी कधीतरी सांगितलं होतं की शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीकमध्ये पोटापाण्याच्या, वयाच्या जगण्याला 'बिओस' शब्द आहे आणि योहान ह्या जीवनाला 'झोए' म्हणतो. वहीत लिहून घेतलं आणि वही माळ्यावर टाकली होती. बाबांचं बिओस तेव्हा ३८ किलोवर आलं होतं. दुसरं कमी झालेलं मला तरी दिसलं नाही.

त्या स्टेजवरच्या माणसावर माझा राग पैशासाठी आहेच, पण त्याहून जास्त ह्यासाठी आहे, की त्यानं उगमच उलटा करून दाखवला. जसं काही जीवन बाबांच्या छातीतून निघून वर जायचं होतं, आणि पंप नादुरुस्त होता. पौलानं रोमकरांना लिहिलंय, पापाचं वेतन मरण, पण सार्वकालिक जीवन हे देवाचं कृपादान. वेतन कशाला म्हणतात हे बाबांना कळत होतं, जन्मभर रोजंदारीवर होते ते. ज्याला मोल लागत नाही तेच त्यांना हप्त्यानं विकायला बसले होते लोक. बेळगावात लंडन मिशनवाले १८२० मध्ये आले. दोनशे वर्षं झाली आपल्या भागात हे शुभवर्तमान सांगायला लागून, आणि अजून आपण मरणाऱ्या माणसाच्या खाटेशी तराजू घेऊन जातो. विश्वास नको असं नाही म्हणत मी. काडी खुंटावर बसलेली पाहिजेच. पण ती बसते म्हणून मुळात पाणी येतं, असं कुठला बागायतदार म्हणेल?

बाबांनी हे माझ्यापेक्षा बरं सांगितलं. शेवटच्या आठवड्यात तुम्ही त्यांच्या पायाची नखं काढत होतात तेव्हा. "गोडी थॉमसनची म्हंत्यात, आक्का. जीव डॉगरिजचा." आणि हसले. दात नव्हते, कवळी काढलेली होती, तरी हसले. विश्वासाच्या किलोचं पुन्हा काही विचारलं नाही.

तुमच्या-माझ्या भाषेवरून इथं काय काय चालतं ते तुम्हालाही माहीत आहे. १ नोव्हेंबरला एका बाजूला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसऱ्या बाजूला काळा दिन, आणि मध्ये आपल्यासारखे दूध आणायला निघालेले. १९५६ पासून हेच. मी मराठीच्या बाजूची, ते काही सोडणार नाही. पण माझ्या बापाला त्याच्या भाषेत ऐकू यावं म्हणून साठीच्या पुढची एक कन्नड बाई बाराखडी जुळवत बसते, हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि तेव्हापासून घोषणा देताना आवाज जरा खालीच लागतो. अशी माणसं प्रत्येक गल्लीत एखाद-दुसरी असतातच. शेजारच्याच्या घरी मयत झाली की न सांगता पाण्याची घागर भरून ठेवणारी, बाळंतिणीची धुणी नेणारी. त्यांच्यात सगळ्या धर्मांचे असतात. स्टेजवर त्यांना कोणी बोलवत नाही, आणि बोलावलं तरी "इरली बिडी" म्हणतील.

त्या दिवशी कबरस्तानात पाळक साहेबांनी सगळं रीतसर केलं, त्यांचेही आभार. माझा भाऊ पुण्याहून पोचेपर्यंत पेटी बंद करू नका म्हणून तुम्ही भांडलात, तेही विसरले नाही. पेटी बंद करायच्या आधी मी बाबांचे हात बघितले. छातीवर ठेवलेले, नखं स्वच्छ, गोल कापलेली. मालक लोकांचे असतात तसे.

गेल्या रविवारी तुम्ही चहाची बशी धरलीत तेव्हा तुमच्या उजव्या हाताची नखं बघितली मी. डाव्या हातानं कापायला आता जमत नाही ना? मोतीबिंदूचंही सांगत नाही तुम्ही कुणाला. नेलकटर माझ्याकडंच राहिलंय, खिडकीत, बाबांच्या चष्म्याशेजारी. परत देणार नाही. रविवारी उपासना सुटली की घेऊन येते. पाणी कोमट करून ठेवा, खोबरेल मी आणते.

तुमची,
दोन दारं पलीकडची