काकू, ती डिस्क अजून माझ्याकडेच आहे

प्रिय काकू,
साष्टांग नमस्कार.

मागच्या आठवड्यात घर बदललं. सामान भरताना पुस्तकांच्या खोक्यात तळाशी एक डीव्हीडी सापडली. पांढरं पाकीट, वर तुमच्या अक्षरात बॉलपेनने लिहिलेलं: 'सीझन २. परत करणे.' मी तिथेच जमिनीवर बसले. नवऱ्याला वाटलं कंबर धरली.

आभाराचं पत्र मी तुम्हाला कधी लिहिलंच नाही. 'थँक्यू' म्हटलं असेल, पण ते इथे अमेरिकेत दार धरून ठेवणाऱ्यालाही म्हणतात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमचं नाव मात्र घालत नाही. तुम्हाला ते खपायचं नाही, आणि न्यू जर्सीत, एडिसनमधल्या जुन्या मराठी लोकांना 'पोह्यांवाल्या काकू' एवढं पुरे आहे.

२०१२ साली मी इथे आले ती एच-४ वर. नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेलं शेपूट. नोकरीची परवानगी नाही (ती २०१५ च्या मे महिन्यापासून मिळायला लागली, तीही सगळ्यांना नाही), गाडी चालवता येत नाही, बर्फ पडला की रस्त्यावर चिटपाखरू नाही. मंडळाच्या हळदीकुंकवाला तुम्ही विचारलंत, 'दिवसभर काय करतेस?' मी म्हटलं, 'काही नाही.' पुढच्या शुक्रवारी तुम्ही दारात हजर. एका हातात पोह्यांचा डबा, दुसऱ्या हातात डीव्हीडींचा संच.

'अंत्यसंस्काराचा धंदा करणाऱ्या कुटुंबाची गोष्ट आहे,' तुम्ही म्हणालात. 'दर भागाच्या सुरुवातीला एक मयत. मजा येते.'

मला वाटलं, बाई जरा सरकलेली दिसते.

'सिक्स फीट अंडर'. एचबीओवर २००१ ते २००५, पाच सीझन, ६३ भाग. लॉस एंजेलिसचं फिशर कुटुंब. वर संसार, खाली लोकांना शेवटचं दर्शन घ्यायचे दिवाणखाने, आणि तळघरात प्रेतं तयार करायची खोली. पहिल्याच भागात, नाताळच्या आदल्या दिवशी, बाप नवीकोरी शववाहिका घेऊन थोरल्या मुलाला विमानतळावरून आणायला निघतो आणि सिगारेटच्या नादात बसच्या धडकेत जातो. फोन आल्यावर आई, रूथ, स्वयंपाकघरात फेकाफेक करते आणि धाकट्या मुलाला एका दमात सांगते: नव्या गाडीचा चुराडा झाला, तुझे वडील गेले, आणि माझा रोस्ट वाया गेला.

मी फसकन हसले आणि लगेच तोंडावर हात धरला. तुम्ही म्हणालात, 'हस की. माझी सासू गेल्याचा फोन आला तेव्हा मीसुद्धा आधी कुकर बंद केला होता.'

मग आपले शुक्रवार लागले. तुम्ही त्याला 'सुतक सीरियल' म्हणायचात. बेकरीत कणीक मळायच्या अवाढव्य यंत्रात सापडलेला माणूस, ज्याचे तुकडे जुळवता जुळवता एक पाऊलच गायब होतं, कारण ते घरच्या धाकट्या मुलीने, क्लेअरने, ढापलेलं असतं. ट्रकमधून सुटून आकाशात गेलेल्या हवेच्या बाहुल्या बघून देवाचं बोलावणं आलं असं समजून रस्त्यात धावणारी ती भाविक बाई. आपण पोटं धरून हसलो त्या दिवशी. पण एमिली प्रेविनच्या भागाला तुम्ही हसला नाहीत. ती एकटी राहणारी बाई, जेवताना घास अडकून जाते आणि आठवडाभर कुणाला पत्ता नसतो. अंत्यविधीला एक माणूस येत नाही. भाग संपल्यावर तुम्ही माझ्या फ्रिजवर तुमचा नंबर मोठ्या आकड्यांत लिहून चिकटवलात आणि म्हणालात, 'रोज एक मिस्ड कॉल. नाही आला तर मी येईन.' तुम्ही किती साली इथे आलात, पहिल्या हिवाळ्यात तुमचं काय झालं होतं, हे मी तेव्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पण आज जे सांगायचं आहे ते पहिल्या भागातलंच. बापाच्या दफनाला मूठभर मातीऐवजी मिठाच्या डबीसारखी एक डबी हातात देतात, तिच्यातून माती भुरभुरायची. हात मळायला नकोत म्हणून. थोरला मुलगा नेट ती डबी नाकारतो आणि मातीच्या ढिगात हात घालतो. त्याने सिसिलीला पाहिलेलं असतं, शवपेटी बोटीतून उतरल्यावर काळ्या कपड्यांतल्या बायका छाती पिटून रडताना. आपल्याकडे मात्र, तो म्हणतो, कुणी रडायला लागलं की त्याला पडद्याआड नेतात. तुम्ही रिमोटने चित्र थांबवलंत. गिरगावच्या चाळीत मयत झालं की बांबू, सुतळी, मडकं आणायला कोण पळायचं, तिरडी कोण बांधायचं, आणि कुठल्या बाईच्या हंबरड्याने सगळी चाळ जागी व्हायची, ते तुम्ही अर्धा तास सांगत बसलात. पोहे गार झाले.

२०१३ च्या ऑक्टोबरात आईबाबा आले. सहा महिन्यांसाठी. बाबा वीज मंडळातून निवृत्त. सीरियलमधल्या तळघरातल्या त्या टेबलाचा पंप कसा चालतो यातच त्यांना रस. फिशरांचा धाकटा मुलगा डेव्हिड त्यांना आवडला. 'आमच्या हेडक्लार्कसारखा आहे. सगळं पोटात ठेवतो,' असं म्हणायचे. आई आत भाजी निवडत 'शुभ बोला रे' म्हणत राहायची आणि दारातून डोकावून बघायची.

जानेवारीत बाबा गेले. सकाळी सातला, दाढी अर्धी झालेली.

त्या दिवसाचं मला सलग आठवत नाही. तुम्ही आलात आणि आधी फोन हातात घेतलात, एवढं आठवतं. पहिल्या फ्युनरल होमने सांगितलं, किंमत फोनवर सांगत नाही, आणि एम्बामिंग, म्हणजे प्रेत टिकवायला औषध भरणं, करावंच लागेल, कायदा आहे. तुम्ही शांतपणे म्हणालात, 'फोनवर दर सांगणं तुम्हाला बंधनकारक आहे. फेडरल ट्रेड कमिशनचा नियम आहे, १९८४ पासूनचा. आणि एम्बामिंगचा कायदा कुठला, तेवढा वाचून दाखवा.' पलीकडे आवाज बंद. दुसरा फोन तुम्ही एका लहानशा फ्युनरल होमला लावलात, बापलेक चालवतात ते. त्यांनी न विचारता दरपत्रक पाठवलं. दहनाला लाकडी पेटी घ्यावी लागत नाही, पुठ्ठ्याची चालते, आणि ती त्यांना ठेवायलाच लागते, हेही तुम्हाला माहीत होतं. आई म्हणाली, 'पुठ्ठ्याच्या खोक्यात?' तुम्ही म्हणालात, 'वहिनी, आपल्याकडे तर बांबूवरच नेतात ना.' तिला ते पटलं.

त्या फ्युनरल होमच्या वरच्या खिडकीत लहान मुलाची सायकल टेकवलेली होती आणि आत शिरताना कांदा परतल्याचा वास आला. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माझ्याकडे. त्या क्षणी आपण हसलो नाही हे दोघींचं कर्तृत्व.

म्हाताऱ्या मालकांनी विचारलं, पेसमेकर आहे का? होता. नाशिकला बसवलेला. तो काढावा लागतो, नाहीतर भट्टीत बॅटरीचा स्फोट होतो. काढल्यावर त्याचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न. तुम्ही भाषांतर केलंत आणि आई रडता रडता थांबून म्हणाली, 'परत द्या म्हणावं. केवढे पैसे मोजलेत त्याचे.' बाबा असते तर त्यांनी बॅटरीची गॅरंटी विचारली असती.

आंघोळ आपण घातली. असं करता येतं हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, इथे सगळं बंद दाराआड होतं आणि आपल्याला इस्त्री केलेला माणूस परत मिळतो. तुम्ही विचारलंत आणि ते 'हो' म्हणाले, इतकं सोपं होतं ते. तुमच्या कुंडीतली तुळस, आईने आणलेलं सीलबंद गंगाजल, आणि माझ्या नवऱ्याच्या हातात बाबांचा राहिलेला अर्धा गाल. त्याने तो नीट दाढी करून पूर्ण केला. मालकांचा मुलगा बाजूला उभा होता. धोतर नेसवायची वेळ आली तेव्हा तो पुढे झाला, कारण कपडे चढवणं हे त्याचं काम. तुम्ही त्याला निऱ्या घालून दाखवल्यात. त्याने हात पुसले, निऱ्या सोडल्या, आणि म्हणाला, 'पुन्हा एकदा दाखवाल?' दुसऱ्यांदा त्याच्या त्याने घातल्या. पाचच, पण सारख्या. फिशरांच्या तळघरातला फेडेरिको आठवला मला, मोडलेल्या चेहऱ्यांवर जीव लावून काम करणारा. इतके दिवस वाटत होतं, असली माणसं पटकथेत असतात.

आणि मग दिवाणखान्यात, वीस-पंचवीस माणसं गालिच्यावर खुर्च्या टाकून चिडीचूप बसलेली असताना, आई बाबांच्या पायांशी गेली आणि तिने हंबरडा फोडला. चाळीतला म्हणालात तसा. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातले दोघं खुर्चीत ताठ झाले. कोपऱ्यातली एक मदतनीस बाई, अगदी प्रेमाने, टिश्यूंचा खोका घेऊन पुढे आली आणि आईचा खांदा धरून तिला बाजूच्या खोलीकडे वळवायला लागली. तिथे सोफा होता, पाणी होतं, आणि हो, पडदाही होता.

तुम्ही उठलात. मोठ्याने काही बोलला नाहीत. तिच्या हातातून टिश्यूंचा खोका घेतलात, 'लेट हर बी' म्हणालात, आणि आईच्या शेजारी जमिनीवर मांडी घातलीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असताना. मग मी बसले. मग मंडळाच्या दोघी. मला तोपर्यंत रडायला येत नव्हतं, काकू. तिथे आलं. म्हातारे मालक दारात उभे होते. त्यांनी बाहेरच्या हॉलमधलं संगीत बंद केलं आणि दार उघडंच ठेवलं.

त्यासाठी हे पत्र.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. दहनाचं बटण मी दाबलं, एकुलती एक म्हणून. गुरुजी नाशिकहून फोनवर, स्पीकर बंद पडल्यामुळे अर्धे मंत्र तुम्ही पूर्ण केलेत, आणि मला अजून संशय आहे की त्यातले दोन संकष्टीचे होते. दुसऱ्या दिवशी आईने विचारलं, 'राख सावडायला कधी जायचं?' इथे हाडं दळून पूडच हातात देतात हे तिला सांगायचं काम तुम्ही माझ्यावर टाकलं नाहीत. दहाव्याला पिंडाला कावळा येईना. तळ्यावरची बदकं मात्र रांगेने आली. तुम्ही त्यांना हुसकावून पर्समधून दर्भाचा कावळा काढलात. घरूनच करून आणला होतात! 'इथले कावळे मराठी नाहीत,' म्हणालात.

न्यूयॉर्कच्या वकिलातीचं पत्र, मृत्यूचा दाखला, सगळं तुम्ही एका फाईलमध्ये लावून दिलंत. नेवार्क विमानतळावर तपासणीला आईच्या पिशवीतला डबा निघाला. अधिकाऱ्याने विचारलं, यात काय आहे? आई म्हणाली, 'माय हजबंड.' तो बिचारा कागद बघून दोन पावलं मागे सरकला आणि 'सॉरी मॅम' म्हणाला. विमानात तिने पिशवी खिडकीशी धरून ठेवली. बाबांना खिडकी लागायची. रामकुंडापर्यंत तिने ती दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही.

त्यानंतर वर्षभर मी ती सीरियल लावली नाही. तुम्हीही विषय काढला नाहीत, नुसते पोहे आणत राहिलात. मग एका शुक्रवारी मीच म्हटलं, शेवटचा सीझन राहिलाय. शेवटच्या भागात क्लेअर एकटी गाडीतून न्यूयॉर्कला निघते आणि रस्ता पळत असताना एकेकाचं मरण दिसत जातं, आईचं, भावाचं, शेवटी तिचं स्वतःचं. पांढऱ्या पडद्यावर तिचं नाव आणि साल: १९८३–२०८५. (इतकी वर्षं झाली, आता कुणी 'शेवट सांगितलास' म्हणून ओरडू नये.) तुम्ही हिशेब केलात, 'शंभरी पार केली पोरीने,' आणि चष्मा पुसत बसलात. मी बाबांचं नाव आणि दोन सालं मनातल्या मनात त्या पांढऱ्यावर लिहून बघितली. बसली बरोबर.

आता तुम्ही टेक्सासला, मुलाकडे. फोनवर आवाज बारीक येतो आणि गुडघ्याबद्दल विचारलं की विषय बदलता. डिस्क पोस्टाने पाठवणार नव्हतेच. मार्चमध्ये चार दिवसांची रजा टाकली आहे, तिकीट काढलं आहे. तुमच्याकडे डीव्हीडी प्लेअर उरला नसेल तर तोही घेऊन येते, आमचा जुना चालतो अजून. आई सोबत येतेय. 'त्या मुडद्यांच्या मालिकेत ती म्हातारी रूथ शेवटी सुखी झाली का?' असं परवा तिने आपणहून विचारलं. मी म्हटलं, काकूंना विचार.

पोह्यांत बटाटा घाला, कांदा नको, तिची एकादशी मधेच येते. (हो, माहीत आहे, एकादशीला पोहेही चालत नाहीत. तिला विचारलं तर म्हणते, 'काकूंच्या हातचे चालतात.')

तुमची,
शुक्रवारची पोरगी