पास आहे का?

नाशिक
९ ऑगस्ट २०२४, नागपंचमी

ती. बाबा आणि प्रिय आई,
साष्टांग नमस्कार.

रविवारी पॅरिसला ताईकडे केलेल्या फोनवर, तुमच्या ऑलिम्पिकच्या कुरकुरीवरून, मी जरा जास्तच बोललो. बाबा, तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणून फोन आईकडे दिलात, आईने "जेवलास का" विचारलं आणि आपल्या घरच्या रीतीप्रमाणे विषय मिटला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलतो, म्हणून हे लिहून पाठवतोय. ताईला सांगितलंय की मोठ्या अक्षरात छापून द्या, मोतीबिंदूच्या डोळ्याला मोबाईलवर वाचायला लावू नका.

आधी घरचं. पाऊस चांगला झाला, गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि आपली गंगा, म्हणजे गोदावरी, भरून वाहिली. दुतोंड्या मारुती बघायला छोटीला घेऊन गेलो होतो. आई, तुझी तुळस गच्चीवरून आत घेतलीय. आज चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून तुझ्या सुनेने दिंडं केली. पुरण थोडं सैल झालं, पण हे तिला सांगू नकोस.

तर मी म्हणालो होतो, "लोक जन्मभर पैसे साठवून ऑलिम्पिकला जातात, तुम्ही आयते पॅरिसमध्ये बसलाय आणि कुरकुर करताय." त्यावर तुम्ही म्हणालात, "आयते? मेट्रोच्या एका तिकिटाला चार युरो मोजलेत." मी हसलो. हसायला नको होतं. ज्या माणसाने तीस वर्षं एसटीची तिकिटं फाडली त्याला तिकीटदर कळतो. दोन युरो पंधरा सेंटचं तिकीट २० जुलैपासून चार युरो, तेही ८ सप्टेंबरपर्यंत. दिवाळीला आपल्याकडे हंगामी भाडेवाढ झाली की प्रवासी कंडक्टरशीच भांडायचे, आणि ती वाढ किती, तर दहा टक्के! ही तर जवळजवळ दुप्पट. पाहुणे आलेत म्हणून घरातल्यांच्या ताटातलं वाढून द्यायचं, असाच हा प्रकार. तिथल्या नेहमीच्या प्रवाशांचे महिन्याचे पास आहेत, त्यांना झळ लागत नाही हे ताईने सांगितलं. पण तुम्ही तीन महिन्यांचे पाहुणे, तुमच्याकडे कुठला पास?

पासावरून मला २०१५ आठवलं. खरं तर त्यासाठीच हे पत्र आहे.

सिंहस्थ कुंभमेळ्यातली शाही स्नानाची पहिली पर्वणी, २९ ऑगस्ट, त्या दिवशी नेमकी राखी. ताई पुण्याहून आली तर तिला गावाबाहेरच उतरवलं. बिचारी बॅग खांद्याला लावून, हातात मिठाईचा पुडा घेऊन द्वारका चौकावरून चालत पंचवटीपर्यंत आली. येईपर्यंत पेढ्यांचा लगदा झाला होता. आणि तुम्ही सकाळी पिशवी घेऊन दुधाला गेलात ते दोन तासांनी, दुधाशिवाय परत आलात. आपल्याच गल्लीच्या तोंडाला बांबू आडवे लावलेले आणि बाहेरगावहून बंदोबस्ताला आलेला, मिसरूड फुटलेला एक पोरगा विचारतोय, "आजोबा, पास आहे का?" तुम्ही घरी येऊन पायातल्या चपला न काढता म्हणालात, "आयुष्यभर मी हे लोकांना विचारलं, आज मला विचारतायत. तेही माझ्या दारात." आईला हसू आवरेना. तुम्ही मात्र दिवसभर कोणाशी बोलला नाहीत.

त्या पर्वणीला माणसंही अंदाजापेक्षा खूप कमी आली. बॅरिकेडच जास्त. नाशिककर घरात बसून टीव्हीवर रामकुंड बघत होते, म्हणजे घरापासून चार गल्ल्यांवरचं रामकुंड! मग दुसऱ्या पर्वणीला बंदोबस्त सैल केला. त्यांचीही बाजू होती, नाही असं नाही. २००३ च्या सिंहस्थात सरदार चौकात चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली होती, ती धास्ती कोणाच्या मनातून गेलेली नव्हती. पॅरिसमध्येही धास्तीच आहे. त्यांनी हल्ले सोसलेत. उद्घाटनाला ४५ हजार पोलीस उगाच नव्हते. पण धास्ती खरी असली म्हणून दूध आणायला गेलेल्या माणसाचा वैताग खोटा ठरत नाही. एवढं साधं मला रविवारी सुचलं नाही.

तुम्ही सांगत होतात ती हकीकत मी नंतर नीट वाचून काढली. १८ जुलैपासून उद्घाटनापर्यंत सीन नदीच्या काठाने राहणाऱ्यांना स्वतःच्या घरी जायला क्यूआर कोड. जवळजवळ ४४ हजार लोखंडी जाळ्या. मेट्रोची स्टेशनं बंद. तुम्ही आईला नोत्र दाम दाखवायला निघालात आणि जाळीपर्यंत जाऊन परत आलात, तेव्हा मी इथून "गूगल मॅप बघायचा ना" म्हणून शहाणपणा केला. नदीकाठी जुनी पुस्तकं विकणाऱ्यांचे ते हिरवे पेटारेसुद्धा काढायला निघाले होते. त्यांनी ओरडा केला तेव्हा फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षांनी तो बेत रद्द केला. रस्त्यावर झोपणाऱ्यांना मात्र ओरडा करायची सोय नव्हती. त्यांना बसमध्ये घालून दुसऱ्या गावांना पाठवलं. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी दिल्लीत भिकाऱ्यांचं हेच झालं होतं.

ताईच्या मजल्यावरच्या आजीबाई घराची किल्ली ताईकडे देऊन गावाला निघून गेल्या, हे ऐकून मला आपल्या समोरचे काका आठवले. पर्वणीच्या आदल्या दिवशी कुलूप लावून सिन्नरला मुलीकडे गेले होते. निरोप दोघांचा एकच, गर्दी ओसरली की येतो. तुमचं त्या आजींशी भाषा येत नसताना कसं जमलं ते आता कळलं. दोघं मिळून जाळ्यांकडे बोट दाखवून मान हलवत असाल.

आता नाशिकचं ऐका. मी तुम्हाला नाक वर करून सुनावलं, जसं काही इथे घराघरात ऑलिम्पिक चाललंय. १ तारखेला कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेला नेमबाजीत ब्राँझ मिळालं. खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून पाणी किती वाजता येणार हे चाललं होतं. मध्ये कोणीतरी तिरंगा टाकला, सहा अंगठे आले आणि परत पाणी. लोकांना राग नाही, द्वेष नाही, काहीच नाही. खड्डे चुकवत घरी पोचायचं, मुलांचा अभ्यास घ्यायचा, आणि टीव्ही लावलाच तर श्रीलंकेतली वनडे. तीही आपण हरलो.

बुधवारचं सांगतो. ७ तारीख. कॅन्टीनमध्ये जेवायला बसलो तर जो तो एकच बोलतोय, विनेश फोगाट आणि शंभर ग्रॅम. फायनलला पोचलेली मुलगी वजन जास्त भरलं म्हणून बाहेर. कुस्ती कशाशी खातात हे माहीत नसलेला माणूसही वजन कसं उतरवायचं ते सांगत होता. त्या सगळ्या गलक्यात आमच्या स्टोअरमधला एक जण कोपऱ्यात मोबाईल पाण्याच्या जगला टेकवून बसला होता, समोर डबा उघडा, चपातीला हात लावलेला नाही. लासलगावकडचा आहे तो. मी विचारलं काय बघतोस, तर म्हणाला, "आमच्या निफाडचा पोरगा उडी मारतोय."

सर्वेश कुशारे. उंच उडी. मला नावही माहीत नव्हतं. गावच्या शाळेत गादी नव्हती म्हणून सरांनी मक्याच्या भुसकटाची पोती रचून त्यावर पोरांना उड्या मारायला शिकवलं, तिथून निघालेला. मी उभ्याउभ्याच बघायला लागलो. कॅमेरा दुसऱ्यांवरच जास्त. मध्येच दोन सेकंद आपला दिसायचा, मग परत धावणाऱ्या बायका. २.१५ मीटर पार केलं. २.२० ला तीनदा आडवी काठी पडली. संपलं. याच पोराने आधी २.२७ मारलेली आहे. स्टोअरवाल्याने मोबाईल पालथा ठेवला आणि जेवायला लागला. मी काय बोलू न सुचून "पुढच्या वेळी" म्हणालो. तो म्हणाला, "साहेब, ह्या वेळी कोण बघत होतं?"

बाबा, हे सगळं पॅरिसला लागून असलेल्या सँ-दनीच्या स्टेडियमवर चाललं होतं. तुम्ही सकाळी ताईच्या बाळाची गाडी ढकलत जेवढं चालता तेवढ्या अंतरावर. आपल्या जिल्ह्यातला पोरगा तुमच्या फिरण्याच्या टप्प्यात येऊन उडी मारून गेला. तुम्हाला पत्ता नाही आणि तुम्हाला नशीबवान म्हणणाऱ्या मलाही नाही. जाळ्या, क्यूआर आणि चार युरो ही तुमची कारणं. माझ्याकडे एकही नाही. नुसता आळस.

तुम्ही पूर्वी असे नव्हतात, हेही मला म्हणायचं होतं पण ते खोटं निघालं. २०१० ला दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा होती. तुम्ही नुकतेच निवृत्त झाला होतात, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचात आणि रोज सकाळी तुमचा पारा चढायचा. स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला, खेळाडूंच्या खोल्यांतल्या घाणीचे फोटो आले, टॉयलेट पेपरचा एक रोल हजारो रुपयांना लावल्याचं छापून आलं. "एका रोलमध्ये आपल्या डेपोच्या मुतारीला दरवाजा बसला असता," हे वाक्य तर तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचात. मग ऑक्टोबरात कविता राऊतला दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ मिळालं. हरसूलजवळच्या सावरपाड्याची. हरसूल गाडीवर तुम्ही चार वर्षं होतात, त्या भागातला प्रत्येक फाटा तुम्हाला पाठ. दुसऱ्या दिवशी तुम्ही तिचा फोटो ब्लेडने कापून कॅलेंडरला टाचलात. स्पर्धेला शिव्या देणं थांबवलं नाहीत, ते बरोबरच होतं. शिव्या एका हाताने आणि टाचणी दुसऱ्या हाताने. फोटो अजून आहे, पिवळा पडलाय. परवा कपाट आवरताना सापडला.

आई, सीन नदी पोहण्याजोगी केली का, हा तुझा प्रश्न. सीनमध्ये पोहायला १९२३ पासून बंदी होती. ऑलिम्पिकसाठी ती स्वच्छ करायला १.४ अब्ज युरो घातले, म्हणजे आपले बारा हजार कोटींच्या वर. लोक इतके चिडले होते की महापौर नदीत उतरणार कळल्यावर नदीची घाण करायचे भलतेसलते बेत मांडले गेले, ते मी पत्रात लिहीत नाही, ताईला विचार. महापौरबाई १७ जुलैला पोहल्या. तरी पाऊस झाला आणि पाणी खराब म्हणून पुरुषांची ट्रायथलॉन ३० वरून ३१ तारखेला ढकलावी लागली. तू म्हणालीस, "भांडेनात का, नदी तर धुतली." मला ते पटलं आणि पटलंही नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिथे लोकांना पोहायला जागा करून देणार म्हणतात, तेव्हा कळेल नदी कोणासाठी धुतली. आपल्या गंगेत पूर ओसरला की पुन्हा पाणवेली आणि नाल्यांचं पाणी. २०२७ चा सिंहस्थ आता तोंडावर आलाय, रस्ते कधी खणणार याच्या गप्पा सुरूही झाल्या. तेव्हा बाबा पंचाहत्तरीचे असतील. दूध आदल्या दिवशीच आणून ठेवू.

काल रात्री छोटी हट्टाला पेटली म्हणून नीरज चोप्राची भालाफेक बघायला जागलो. बारा वाजता सुरू झालं. समोरच्या बिल्डिंगमध्ये मोजून तीन खिडक्यांत उजेड होता. पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७ मीटर टाकला आणि छोटी एकदम गप्प झाली. नीरजचा ८९.४५, रौप्य. तिने विचारलं, "आजोबा तिथेच आहेत ना?" मी हो म्हणालो. तुमच्याकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ-नऊ झाले असतील, उजेड असेल. खिडकी उघडी होती का बाबा? स्टेडियमचा ओरडा घरापर्यंत ऐकू येतो का? तिला सांगायचंय.

परवा, ११ तारखेला सांगता आहे. त्याआधी एक करा. लूव्र संग्रहालयाशेजारच्या बागेत तो ऑलिम्पिक ज्योतीचा मोठा फुगा सूर्य मावळल्यावर वर चढतो. जवळ जायला नाव नोंदवावं लागतं, पण लांबूनही दिसतो. खरा जाळ नाही त्यात, पाण्याचे तुषार आणि दिवे आहेत. आई, आपल्या आकाशकंदिलासारखा दिसतो की नाही एवढंच बघून ये. जाण्या-येण्याची दोघांची चार तिकिटं, सोळा युरो, माझ्या खात्यावर. बाबा, वहीत मांडून ठेवा. आणि वापरलेली तिकिटं फेकू नका, छोटीने मागितलीत.

तुमचा
बाळ्या

ता. क. ताईला सांगा, राखीचं पाकीट अजून आलं नाही. १९ ला पौर्णिमा. वाटेत कुठेतरी पास विचारत असतील.