रॉलिन्स हरले नव्हते

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला अमेरिकन जॅझ कलावंत सॉनी रॉलिन्स यांच्यावरचा लेख वाचला. सॅक्सोफोनवादकाला मराठी दैनिकात अर्धे पान मिळाले, याचा आनंद चार ओळीच टिकला. व्यसनाने खचून हा कलावंत न्यूयॉर्कच्या पुलावर जाऊन बसला, हे आपण कोणत्या आधारावर छापले? रॉलिन्स यांनी हेरॉइन सोडले ते 1955 साली, लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात राहून. ‘सॅक्सोफोन कोलॉसस’ ही त्यांची गाजलेली ध्वनिमुद्रिका त्यानंतरची, 1956ची. पुढच्याच वर्षी पियानो बाजूला ठेवून नुसत्या बास आणि ड्रमच्या साथीवर ‘वे आउट वेस्ट’ केली. 1959मध्ये मैफली थांबवल्या तेव्हा त्यांचा नावलौकिक ऐन भरात होता. लोक कौतुक करतात तेवढे आपले वाजवणे नाही, ही टोचणी होती. म्हणून रियाजाला लागले.

आणि पूलच का, हे लेखात कुठेच नाही. शेजारी एक बाई गरोदर होती. तिला त्रास नको म्हणून रॉलिन्स वाद्य घेऊन विल्यम्सबर्ग पुलावर जात. गाड्यांची धडधड, नदीतल्या बोटी. तिथे कितीही जोराने फुंकले तरी कुणाची झोपमोड नाही. परतले ते 1961च्या अखेरीस, आणि 1962मध्ये जिम हॉल यांच्या गिटारच्या साथीने ‘द ब्रिज’ आली.

मला हे इतके लागायला कारण आहे. माझा मुलगा टेनर सॅक्सोफोन शिकतो. संध्याकाळी वाजवायचे नाही अशी सोसायटीची नोटीस आली, मग सकाळीही नाही, शेवटी गच्चीला कुलूप. वर्षभर तो पहाटे चौपाटीवर जात होता. खाऱ्या हवेने स्प्रिंगांना गंज चढला, पॅड बदलावे लागले. तो रडकुंडीला यायचा तेव्हा मी त्याला या पुलाची गोष्ट सांगायचो. काल त्याने आपला लेख माझ्याआधी वाचला आणि विचारले, “बाबा, ते नशेपायी गेले होते ना?” मला क्षणभर उत्तरच सुचले नाही.

मुंबईचे वृत्तपत्र असून पवईचा उल्लेख नाही, याचेही वाईट वाटले. दुसऱ्यांदा मैफली थांबवल्या तेव्हा रॉलिन्स इथल्याच आश्रमात काही महिने राहिले होते. 1978च्या पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात ते मुंबईत वाजवून गेले. मुंबईतल्या ज्या खुल्या रंगमंचावर, रंगभवनात, असे जॅझ घुमायचे, ते मैफलींना बंद होऊन वीस वर्षे उलटली. त्यावर आपण कधी अर्धे पान देणार?

खुलासा छापावा ही विनंती. त्यात त्या शेजारणीचा उल्लेख जरूर करा.

आपला,
एक जुना वाचक, दादर