तुकडे झाले म्हणून मेमरी बिघडत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘मेमरीचे तुकडे झाले की संगणक मंदावतो, ती साफ करणारे अ‍ॅप टाका’ असा सल्ला छापून आला आहे. मी धुळ्यात डिप्लोमाच्या मुलांना ऑपरेटिंग सिस्टिम शिकवतो. कात्रण घेऊन मुले वर्गात आली, म्हणून लिहितो आहे.

लेखकाने फिरणारी हार्ड डिस्क आणि रॅम एकाच मापाने मोजल्या. डिस्कवर फाइलचे तुकडे लांब लांब पडले की वाचणाऱ्या हेडला धावपळ करावी लागते. रॅममध्ये असे काही धावत नाही. तिथे तुकडे हीच रोजची स्थिती आहे आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ती धरूनच चालतो. साफसफाईचे अ‍ॅप चालू प्रोग्रॅम बंद पाडते. ते पुन्हा उघडताना सगळे पहिल्यापासून लोड होते. वेग कुठून वाढणार?

खरा प्रश्न वेगळा आहे. प्रोग्रॅमने 1 एमबीची जागा मागितली की त्याला ती सलग दिसते, पण प्रत्यक्षात ती 4 केबीची 256 पेजेस, म्हणजे मेमरीचे ठरावीक मापाचे तुकडे, असतात आणि रॅममध्ये कुठेही पसरलेली असू शकतात. प्रोसेसरजवळ कोणते पेज कुठे आहे हे सांगणारे पेज टेबल असते, म्हणून त्याला अडचण येत नाही. नेटवर्क कार्ड किंवा डिस्कचा कंट्रोलर मात्र डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, थेट रॅममध्ये लिहितो. प्रोग्रॅमचे पेज टेबल त्याच्या उपयोगाचे नाही. एका मुलाने लगेच विचारले, “मग सर, त्याला कसं कळतं?” मागच्या बाकावरून अहिराणीत, “हाई काय शे?”

माझे वडील तलाठी होते, त्यामुळे मला आठ-अ चा उतारा आठवला. शेतकऱ्याची जमीन एक तुकडा नाल्याकडे, एक रस्त्याला, एक गावठाणाजवळ अशी असते. जमीन जागची हलत नाही. आठ-अ वर मात्र त्याचे गावातले सगळे गट क्षेत्रासह एका खाली एक येतात. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमधली स्कॅटरलिस्ट ही यादी तेच करते. प्रत्येक नोंदीत कोणते पेज, त्यात कुठून सुरुवात आणि किती लांबी एवढे असते. डीएमएसाठी मॅप केल्यावर, म्हणजे ही पेजेस उपकरणाला वापरता येतील अशी जोडून दिल्यावर, उपकरणाने वापरायचा पत्ताही भरला जातो. सगळा डेटा आधी एका सलग जागी कॉपी करून घेण्याचा खटाटोप वाचतो. (जमिनीचे तुकडे एकत्र करण्याचा कायदा आपल्याकडे 1947 चा आहे. कर्नलही गरज पडली तर पेजेस सरकवून सलग जागा मोकळी करतो, पण ते खर्चिक काम आहे.)

मला सर्वांत आवडते ती यातली काटकसर. 64 बिटांच्या संगणकावर एक नोंद साधारण 32 बाइटची, म्हणजे एका पेजमध्ये 128 नोंदी. प्रत्येक नोंदीत एकच पेज धरले तर 512 केबी झाले की यादी भरली. त्याहून मोठ्या यादीसाठी पुन्हा सलग जागा शोधायची, म्हणजे मूळ दुखणे परत आले! जानेवारी 2008 मध्ये आलेल्या लिनक्सच्या 2.6.24 या आवृत्तीत येन्स आक्सबो या कर्नल प्रोग्रॅमरच्या कामामुळे याद्या एकमेकींना जोडता येऊ लागल्या. शेवटची नोंद पुढच्या यादीचा पत्ता सांगते. ही नोंद साखळीची आहे की यादी इथे संपते, हे सांगायला नवी जागाही घेतलेली नाही. पेजच्या पत्त्यातले खालचे बिट नेहमी शून्यच असतात, त्यांतले दोन वापरले. तेव्हापासून यादीवर नोंदीचा क्रमांक एक-एक वाढवत पुढे जाणे चुकीचे ठरले. एसजी_नेक्स्ट या कर्नलमधल्या फंक्शनलाच पुढची नोंद विचारावी लागते.

मुले नेमकी अडकतात ती मॅपिंगमध्ये. यादी मॅप करणारे डीएमए_मॅप_एसजी हे फंक्शन नोंदींचा जो आकडा परत देते तो दिलेल्या नोंदींपेक्षा कमी असू शकतो, कारण आयओएमएमयू, म्हणजे उपकरणांसाठी पत्ते बदलून देणारा हार्डवेअरचा भाग, असेल तर तो विखुरलेली पेजेस उपकरणाला सलग भासवतो आणि नोंदी एकत्र होतात. उपकरणाला हा कमी झालेला आकडा द्यायचा. काम संपल्यावर अनमॅप करताना, म्हणजे ही जोडणी सोडवताना, मात्र मूळचाच आकडा द्यायचा. परीक्षेत मी हे हमखास विचारतो आणि निम्मा वर्ग उलटे लिहितो.

शिरपूर, साक्री, नवापूरकडून येणाऱ्या या मुलांपैकी काही पुढे पुण्यात ड्रायव्हर, म्हणजे उपकरणे चालवणारे प्रोग्रॅम, लिहायलाच बसतात. कर्नलचा सोर्स फुकट आहे. ‘इन्क्लूड’ फोल्डरमधल्या ‘लिनक्स’मध्ये स्कॅटरलिस्ट.एच ही फाइल कोणालाही उघडून वाचता येते. पुरवणीतली जागा अ‍ॅपच्या शिफारशींना देण्यापेक्षा अशी एखादी फाइल दर पंधरवड्याला मराठीत उलगडून दाखवा. लिहिणारे अध्यापक खानदेशातच मिळतील, आणि सुरुवातीचे दोन-तीन लेख मी विनामोबदला देईन.

आपला,
एक अध्यापक, देवपूर, धुळे